आचारीकाकांचा परदेश

आमच्या सहलींबरोबर आचारी म्हणून येणारे काका विमानात माकडटोपी घालून बसायचे. बाकीची मंडळी शर्टाच्या बाह्या दुमडून बसलेली असायची, काका मात्र विमान हललं की पिशवीतून टोपी काढून कानांवर ओढायचे आणि डोळे मिटायचे. उतरल्यावर टोपीची घडी पुन्हा पिशवीत. एकदा मी कारण विचारलं, तर म्हणाले, "कानात वारं गेलं की सर्दी होते. सर्दी झाली की नाक जातं. नाक गेल्यावर मी तुमच्या काय कामाचा?"

मी तेव्हा पंचविशीची होते. विश्रांतवाडीहून स्कूटरवर ऑफिसला यायची. पुण्यातली एक सहल कंपनी, आणि तिची सगळी मदार एका वाक्यावर होती: जगात कुठेही फिरा, जेवायला ताटात वरण-भातच. हे वाक्य खरं करण्याचं काम काकांकडे होतं. काका कसबा पेठेतले, पन्नाशी ओलांडलेले, आधी वीसेक वर्षं लग्नकार्यांतला स्वयंपाक केलेले. पांढरा पायजमा, वर बंडी, खांद्यावर पंचा. माझ्याहून दुपटीने मोठे असून मला 'अहो ताई' म्हणायचे. मी टूर मॅनेजर, ते आचारी. नऊ वर्षं आम्ही दोघांनी मिळून पुणेकरांना थायलंड, व्हिएतनाम, बाली, कंबोडिया, श्रीलंका असं सगळीकडे फिरवलं आणि जेवू घातलं.

गंमत अशी की सगळ्यांना वरण-भात वाढणारा हा माणूस स्वतः परदेशात कधी त्याला हात लावायचा नाही. पाहुण्यांची पंगत उठली, भांडी आवरली, की पंचा झटकून काका बाजाराच्या दिशेने चालू लागायचे. जिथे हमाल, रिक्षावाले, भाजीवाल्या बसून खात असतील तिथे एखादं बुटकं स्टूल ओढून बसायचे आणि शेजारच्याच्या वाडग्याकडे बोट दाखवायचे.

त्यांना मराठीशिवाय कुठलीही भाषा येत नव्हती आणि त्याचं त्यांना काही वाटतही नव्हतं. हनोईच्या भाजीवालीशी ते "अहो बाई, ही कोथिंबीर कालची दिसतीय" असं बोलायचे. अगदी व्यवस्थित, पुण्यातल्या मंडईत बोलावं तसं. ती तिच्या भाषेत काहीतरी उत्तर द्यायची आणि खालची ताजी जुडी काढून द्यायची. मी दुभाष्या शोधत बसायची तोवर काकांची खरेदी झालेली असायची.

अडचण यायची ती मांसाची. काका मासे खायचे, कोंबडी खायचे, पण बाकी काही चालायचं नाही. मग रश्श्यात काय आहे हे विचारायचं कसं? काकांनी त्यावर आपला उपाय काढला होता. वाडग्याकडे बोट करून ते आधी हंबरायचे. समोरच्याने नाही म्हणून मान हलवली की मग आरवायचे. चियांग माईच्या बाजारात तांदळाच्या पिठाचे आणि नारळाच्या दुधाचे छोटे गोळे करणारी एक बाई होती. तिच्याकडचं ते गोल खाचांचं भांडं म्हणजे सरळ आपलं आप्पेपात्र. काका तिच्यापुढे उकिडवे बसले आणि खात्री करून घ्यावी म्हणून मोठ्याने आरवले. ती सबंध रांग हसायला लागली. त्या बाईने हसत हसत मान हलवली आणि बसायला स्वतःचं स्टूल दिलं. पुढच्या तासाभरात काका तिच्या भांड्यातले गोळे चमच्याने उलटत होते आणि ती पैसे घेत होती. त्यानंतर आम्ही दरवर्षी तिथे गेलो आणि दरवर्षी काका आधी तिच्याकडे जाऊन आरवून यायचे. ती दोघांची ओळखीची खूण झाली होती.

देवळं, राजवाडे, समुद्रकिनारे यांत त्यांना रस नव्हता. कंबोडियातलं ते भलंमोठं देऊळ आम्ही पाच वेळा लोकांना दाखवलं, काकांनी एकदाही पाहिलं नाही. म्हणायचे, "देऊळ कुठे पळून जातंय. बाजार दहाला उठतो." नव्या गावात पोचलं की मी खोल्यांच्या किल्ल्या वाटायची आणि ते मागच्या दाराने हॉटेलच्या किचनमध्ये जायचे. तिथे चिमूटभर कच्चा तांदूळ मागायचे, दोन दाणे दाताखाली फोडायचे आणि मग त्या गावाबद्दलचं त्यांचं मत ठरायचं. "बरं गाव आहे," असं ते म्हणाले की तांदूळ जुना आहे हे मी समजायची.

पहिल्या रात्रीच्या जेवणाला ते पंगतीसमोर उभे राहून एक छोटं भाषण करायचे. त्याने आमचे मालक दरवेळी चिडायचे. "माझं जेवण तुम्हाला रोज मिळेल," काका सांगायचे. "पण एक वेळ तरी बाहेर खाऊन बघा. मला वाईट वाटणार नाही." फार कोणी ऐकायचं नाही. उलट बँकॉकमध्ये दुसऱ्याच दिवशी कोणीतरी विचारायचं की आज पोळ्या आहेत ना. काका शांतपणे म्हणायचे, "आहेत तर. पोळी खायला इतक्या लांब आलात, नाही कसं म्हणू?"

त्यांच्याबद्दल सांगताना बालीची सहल टाळता येणार नाही. ती सांगायची तर माझी बाजू फारशी चांगली दिसत नाही, पण झालं ते असं.

अडतीस माणसं होती. वाटेत विमान बदलताना आमच्या तीन मोठ्या बॅगा मागे राहिल्या. त्यात डाळ, मसाले, पोहे, रवा, पापड, लोणची, म्हणजे थोडक्यात आमची कंपनीच. बॅगा तिसऱ्या दिवशी येतील असं विमानतळावर सांगितलं. हॉटेलवर पोचायला सकाळचे नऊ वाजले होते. लोक रात्रभराच्या प्रवासाने आंबलेले, दुपारचं जेवण दीडला ठरलेलं. काकांनी माकडटोपीची घडी केली आणि विचारलं, "बाजार कुठल्या बाजूला आहे?"

बाजारात शिरलो आणि काकांची चाल बदलली. हळदीचे ओले कंद, चिंचेचे गोळे, ताडाचा गूळ, चवळीच्या लांब शेंगा, मोड आलेले मूग, खोवलेला नारळ, टोपलीभर शेंगदाणे. प्रत्येक गोष्ट हातात घेऊन, वास घेऊन ते मला दाखवत होते, जणू त्यांच्या गावी मी पाहुणी आलेय. एका म्हातारीकडे हिरव्या रंगाचे छोटे उकडलेले गोळे होते, वर ओला नारळ लावलेला. त्यांनी एक तोंडात टाकला. आतून गुळाचा पाक निघाला. काका जागच्या जागी थांबले. "ताई, हा उलटा मोदक आहे," ते म्हणाले. "आपण नारळ आत घालतो, यांनी बाहेर लावला. एवढाच काय तो फरक."

बेत ठरला: दाण्याची आमटी, चवळीच्या शेंगांची नारळ घालून भाजी, मुगाची उसळ, काकडीची कोशिंबीर, भात, आणि तिथे मिळालेल्या मैद्याच्या पोळ्या. हॉटेलच्या किचनमध्ये एक चाळिशीच्या बाई होत्या, केसात पांढरा चाफा. त्यांनी काकांना एक शेगडी आणि अर्धा ओटा दिला. भात झाला तसा त्या बाईंनी पानाच्या तुकड्यावर चार शितं ठेवून तो तुकडा शेगडीच्या कडेला ठेवला आणि हात जोडले. काकांनीही हात जोडले. त्यानंतर दोघं एकमेकांना चांगले ओळखत असल्यासारखे काम करू लागले. त्या नारळ खोवायच्या, हे फोडणी द्यायचे.

दीड वाजला. लोक ताटांवर बसले. त्यात एक मोठे सरकारी अधिकारी होते, नुकतेच निवृत्त झालेले. आमटी दाण्याची आहे हे कळल्यावर त्यांनी मला विचारलं की आज एकादशी आहे का. लोक हसले, मीही हसले. वेळेत जेवण होतंय याचाच मला आनंद होता.

आत गेले तर काका आमटीच्या पातेल्यावरचं झाकण हातात धरून उभे होते. चेहरा उतरलेला.

"यात जवळा पडलाय," ते म्हणाले.

ते पोळ्या लाटत असताना त्या बाईंनी आमटी चाखली होती. काहीतरी कमी आहे असं त्यांना वाटलं असणार. त्यांच्याकडे सुकवलेल्या कोळंबीचं वाटण असतं, सगळ्या रश्श्यांत चिमूटभर घालतात. ते त्यांनी आमटीत कालवलं होतं. प्रेमाने, मदत म्हणून. आमच्या अडतीस माणसांत वीस-बावीस माणसं अशी होती की ज्यांच्या घरात अंडंसुद्धा येत नव्हतं.

मी वाकून वास घेतला. मला फक्त चिंच-गुळाचा वास आला. बाहेर ताटं वाजत होती. मी काकांना खालच्या आवाजात सांगितलं की उकळून गेलंय, एवढ्याशाने काही होत नाही, कोणाला कळणारही नाही, वाढून टाका. हे मी अगदी सहज बोलले. आज लिहितानाही ते शब्द जसेच्या तसे आठवतात.

काका माझ्यावर रागावले नाहीत. पातेलं शेगडीवरून उतरवत म्हणाले, "ताई, ही माणसं ताटात बघून जेवत नाहीत. माझ्याकडे बघून जेवतात."

त्या बाईंना काहीतरी चुकल्याचं कळलं होतं. त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, हात एकमेकांत गुंतवून. काकांनी एक वाडगा घेतला, त्यांच्या देखत त्यात आमटी ओतून घेतली आणि उभ्यानेच सगळी संपवली. मग बोटं चाटून मान डोलावली. ते नाटक नव्हतं, त्यांना ती खरंच आवडली होती. नंतर त्यांनी पातेल्याकडे बोट केलं, बाहेरच्या लोकांकडे केलं, एक मासा पोहत गेल्याचं हाताने दाखवलं आणि हात जोडून नको म्हणाले. बाईंनी तोंडावर हात ठेवला. पुढच्याच क्षणी त्यांनी चार नारळ ओढले आणि खोवायला बसल्या.

दाणे संपले होते. काकांनी नारळाच्या दुधाचं सार करायचं ठरवलं. ते शेगडीवर चढवून स्वतः बाहेर आले, ओल्या हातांनी, आणि सगळ्यांना म्हणाले, "आमटी माझ्या हातून बिघडली. सार करतोय. पाऊण तास लागेल. तोवर कोशिंबीर खा." अधिकारीसाहेबांनी घड्याळात पाहिलं आणि पुण्याहून निघतानाच डबा आणायला हवा होता, असं शेजारच्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले. काका ऐकून घेऊन आत गेले.

सार फार चांगलं झालं. लोकांनी तीन-तीनदा मागून प्यायलं.

त्या गटात कोथरूडच्या एक मुख्याध्यापिका होत्या, त्याही निवृत्त, एकट्याच आलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी काकांना गाठून विचारलं की आमटीचं नक्की काय झालं होतं, कारण त्यांना शेंगदाणे भाजल्याचा वास बाहेरपर्यंत आला होता आणि तो करपलेला नव्हता. काकांनी झालेलं सगळं सांगितलं. मी काय म्हणाले होते, तेवढं वगळून. त्या म्हणाल्या, "टाकलीत ते बरं केलंत." आणि विचारलं की तुम्ही रोज बाजारात जाऊन काय खाता, त्यात माझ्यासारखीला चालण्यासारखं काही आहे का. काका त्यांना घेऊन गेले आणि त्यांनी पानावर घेऊन पाच उलटे मोदक खाल्ले. सहल संपेपर्यंत त्या रोज सकाळी काकांबरोबर बाजारात जात राहिल्या. तिसऱ्या दिवसापासून आणखी चौघी जाऊ लागल्या.

पण पुण्याला परतल्यावर अधिकारीसाहेबांचं पत्र ऑफिसला आलं. आचाऱ्याचा निष्काळजीपणा, भुकेल्या माणसांची गैरसोय, असं दोन पानं. मालकांनी काकांना बोलावलं. काकांनी सांगितलं की उशीर झाला, चूक माझी. का झाला ते बोलले नाहीत. बोलले असते तर हॉटेलवाल्यांपर्यंत तक्रार गेली असती आणि त्या बाईंची नोकरी गेली असती, हे त्यांच्या डोक्यात होतं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले की किचनमध्ये काही अडचण आली होती. एवढंच. पूर्ण सांगायचं तर माझं ते वाक्यही सांगावं लागलं असतं.

पुढच्या दोन सहलींना मालकांनी दुसरा आचारी पाठवला. काका कसब्यात परत लग्नाची जेवणं करायला लागले.

त्यातली दुसरी सहल चियांग माईची होती. नवा आचारी वेळेचा पक्का, दीडच्या ठोक्याला ताटं. एकदा मोकळा वेळ होता म्हणून मी बाजारात गेले. आप्पेवाल्या बाईने मला लगेच ओळखलं. तिने माझ्या मागे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं. मग माझ्याकडे बघून, मान तिरपी करून, हळूच आरवली.

काका कुठे आहेत, हे तिने मला विचारलं होतं. तिने पानावर सहा गोळे बांधून दिले, माझ्यासाठी नव्हे हे उघड होतं. ते मी खोलीवर नेले आणि खाऊ शकले नाही.

पुण्यात उतरल्यावर मी घरी न जाता थेट ऑफिसला गेले आणि मालकांना सगळं सांगितलं. जवळा, पातेलं, आणि मी काय सल्ला दिला होता तेही. मालक तिरकस बोलण्यात पटाईत होते, त्यामुळे मी तयारीने गेले होते. पण त्यांनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "आपल्या जाहिरातीत 'शुद्ध शाकाहारी' हा शब्द मी घातलाय. तो खरा आहे की नाही हे मला आज कळतंय." आणि काकांना फोन लावला.

काकांना मी हे सांगायला गेले, तर त्यांनी "एवढं कशाला केलंत" म्हणून विषय संपवला आणि मला ओट्यावर बसवून थालीपीठ खायला घातलं. ओल्या हळदीचा किस घातलेलं. वाढताना काकू मला म्हणाल्या की दोन महिने यांचं घरात लक्ष नव्हतं, कोथिंबीर आणायला जायचे आणि तासाने रिकाम्या हाताने यायचे.

काकूंबद्दल सांगायचं राहिलंच. त्या कोकणातल्या, गुहागरकडच्या. लग्न होऊन कसब्यात आल्या त्या पुण्याबाहेर फारशा गेल्याच नाहीत. काका अकरा देश फिरले, काकूंनी विमान फक्त घरावरून जाताना पाहिलं. गुडघे दुखायला लागल्यावर काकांनी काम सोडलं, तेव्हा मालकांनी त्यांना निरोपाची भेट म्हणून दोघांची श्रीलंकेची सहल दिली. आचारी म्हणून नाही, पाहुणे म्हणून. टूर मॅनेजर मीच होते.

काकूंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की त्यांना बाजारात यायचं नाही. "चाळीस वर्षं मी दोन्ही वेळचं करून जेवतेय," त्या म्हणाल्या. "इथे कोणीतरी गरम वरण-भात आयता वाढतंय. तो सोडून मी कुठे जाणार नाही." काकांनी एका शब्दाने वाद घातला नाही. पाच दिवस ते बायकोशेजारी बसून दुसऱ्याच्या हातचं वरण जेवले. मीठ कमी असलं तरी बोलले नाहीत. काकू मात्र प्रत्येक पोळी हातात घेऊन तिचे पदर मोजायच्या आणि खूश असायच्या.

कँडीतली आमची शेवटची सकाळ. आठला बस सुटायची होती. पावणेआठला सगळे बसले, काका-काकू नव्हते. खोलीला कुलूप. आठ वाजून गेले. मी रस्त्यावर येऊन उभी राहिले. थोड्या वेळाने ते दोघं बाजाराकडून येताना दिसले. काकू पुढे, भराभर, पदर खोचलेला. काका मागून लंगडत, हातात पानाचं पुडकं.

पहाटे काकूंना जाग आली होती आणि नुसतं बसून राहण्यापेक्षा म्हणून त्या काकांबरोबर बाहेर पडल्या होत्या. बाजाराच्या कोपऱ्यावर एका टपरीत दोघी बायका तांदळाच्या पिठाच्या शेवया साच्यातून वेताच्या छोट्या चकत्यांवर पाडून उकडत होत्या. म्हणजे शिरवाळे. काकूंच्या माहेरचा पदार्थ. नारळाच्या गोड दुधात बुडवून खातात. त्यांच्या आईचा साचा भावाकडे राहिला, पुण्यात शिरवाळे कोणी करायचं नाही, आई गेल्यापासून त्यांनी ते खाल्ले नव्हते. तिखट रस्सा बाजूला सारून त्यांनी खुणेने गूळ मागितला. त्या बायकांनी ताडाचा गूळ आणि नारळाचं दूध दिलं. काकूंनी स्वतः रस कालवला आणि तिथेच बाकावर बसून चार चकत्यांवरचे शिरवाळे खाल्ले.

बसच्या पायरीशी त्या थांबल्या. अजून धाप लागलेली होती. मला म्हणाल्या, "हे दरवेळी येऊन सांगायचे, लंकेत रोज सकाळी शिरवाळे करतात म्हणून. मला वाटायचं, माझं मन राखायला सांगतात. अहो, खरंच करतात. रोज करतात."

काका मागे उभे होते. त्यांनी काकूंना हात धरून वर चढवलं, खिडकीजवळ बसवलं आणि पुडकं मांडीवर घेऊन शेजारी बसले. काकू बोलायला लागल्या. पीठ किती मऊ होतं, चकत्या कशा विणल्या होत्या, त्या दोघींतल्या धाकटीचा हात आपल्या आईसारखा कसा चालत होता. विमानतळ येईपर्यंत त्या बोलत होत्या आणि काका ऐकत होते.